थोरलीची खिडकी

मंगळवार, ता. ६ ऑक्टोबर १९३६

इकडून छापखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदांची वही शिवून आणली. वर निळा पुठ्ठा. म्हणणं काय, तर "मराठी सहावी पास झालेली बायको माझी, अक्षर नुसतं वाण्याच्या यादीत वाया घालवू नकोस." अस्सं? मग लिहिते मनात येईल ते. चोरून वाचलं तर ज्याचं त्यानं बघावं.

मला सातवा लागला. पहिलटकरीण माहेरी जायची, पण माझी आई मी अकरा वर्षांची असतानाच गेली. येवल्याला बाबा एकटे, दिवसभर मागावर बसलेले. ते काय बाळंतपण करणार? म्हणून सगळं इथंच, नाशकात, सासूबाईंच्या हातून. त्या कामाला लागल्यासुद्धा. जुनी लुगडी फाडून दुपटी झाली, डिंक निवडून झाला, ओवा-शेपा उन्हात पडल्यात. मी फक्त बसायचं आणि वाढायचं.

मी दुसरेपणावर दिलेली. थोरलीचं नाव फुला. तिचा टाक माझ्या गळ्यात आहे, चांदीचा, नखाएवढा, त्यात एक बाई उभी. दुसरेपणाच्या बायकोनं तो घालायचाच, आणि आपल्याला मिळालेली प्रत्येक नवी वस्तू आधी थोरलीला दाखवायची. लग्नातलं लुगडं आधी टाकापुढं ठेवलं, मग माझ्या अंगावर आलं. पहिला आंबा तिचा, पहिली बांगडी तिची. मला राग येत नाही. खरं लिहायचं तर पहिल्या वर्षी फार यायचा.

बाळंतिणीची खोली मात्र तीच आहे, माजघरामागची, बोळात एक खिडकी असलेली. थोरली त्याच खोलीत बाळंत झाली आणि आठव्या दिवशी बाळासकट गेली. येत्या पौषात तीन वर्षं होतील. कुणाजवळ बोलले नाही, पण मला त्या खोलीची भीती वाटते. मी उठेन ना तिथून? माझं मूल उठेल ना? दिवसभर कामात असले तरी मागे हाच प्रश्न चालू असतो.

सोमवार, ता. १९ ऑक्टोबर

आज धीर करून सासूबाईंना विचारलंच, की थोरली गेली कशी. त्या खारका फोडत होत्या. अडकित्ता खाली ठेवला.

"काही कमी केलं नव्हतं गं मी. पौषाचा गारठा, गोदागंगेवरून वारा असा यायचा! दार लावलं, खिडकी लावली, बाजेखाली दोन-दोन शेगड्या फुलवून ठेवल्या. सातव्या दिवशी म्हणायला लागली, डोकं ठणकतंय, मळमळतंय. मी वर आणखी एक पांघरूण घातलं. आठव्या दिवशी न्हाऊ घालून दुपारची निजवली. तिन्हीसांजेला चहा घेऊन गेले तर दोघं गाढ झोपलेली. गाल लालबुंद. मला वाटलं, चला, शेक लागला अंगाला. हलवायला गेले तर..."

पदरानं डोळे टिपले. मग म्हणाल्या, वैद्यबुवांनी निदान केलं, की बाळंतिणीच्या अंगात वारा शिरला. त्या खिडकीची एक फळी तेव्हा आकसलेली होती, तिथूनच शिरला असणार.

"या खेपेला मुंगी जाईल एवढीसुद्धा फट ठेवायची नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सासू असावी तर अशी. माझं मेलीचं मन उगीच शंकेखोर.

सोमवार, ता. २ नोव्हेंबर

कोळसा आला. बारकू नावाचा सुरगाण्याकडचा माणूस पेठ रस्त्यानं गाडी घेऊन येतो, रानात स्वतः भट्टी लावतो. कोळसा मात्र नामी. हातात घेतला तर खणखण वाजतो, आणि पेटला की धूर म्हणून नाही. सासूबाईंनी चार पोती घेतली तसा बारकू म्हणाला, "एवढा कशाला वं, बाई? लगीन हाय का?"

"बाळंतिणीच्या खोलीत लागतो," मी म्हटलं.

त्यानं पोतं खाली ठेवलं. "दार उघडं ठेवजा मंग. कोळसा चढतो मानसाला. आमी रानात पेटवतो, वाऱ्यावर, तरी बी डोकं फिरतं. माजा भाऊ थंडीचा झोपडीत शेगडी घेऊन निजला, दार लावून. सकाळी उठलाच नाय."

मी हसू दाबलं. धूर नाही, जाळ नाही, नुसता निखारा, तो काय ताडी आहे चढायला? तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "रानातली माणसं, झाडात भूत, दगडात भूत, आता कोळशातपण!" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मला तर पोट धरायला दोन हात पुरेनात.

दुपारी वच्छीचं पत्र आलं. माझी धाकटी बहीण, ती येवल्यातच दिलेली. तिला सहावा आहे, म्हणजे माझ्यामागं एकच महिना! घरात सासू नाही, आहेत त्या एक चुलतसासूबाई, त्यांना कधी मूलबाळ झालं नाही. लिहिते, "अक्का, मला काही कळत नाही गं. तू जसं करशील तसं मला कळव, मी अगदी तसंच करीन." वेडी. लहानपणी वेणीसुद्धा माझीच बघून घालायची.

मंगळवार, ता. १७ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहू का नको?

दिवाळीनंतर खोली सारवली. ओल लवकर सुकावी म्हणून सासूबाईंनी दोन्ही शेगड्या आत ठेवल्या आणि दार लोटून घेतलं. मी म्हटलं, ऊब आहे तर तिथंच बसून बाळाची कुंची शिवावी. भर दुपार होती, ऊन दाराबाहेर पडलेलं. अर्धी कुंची झाली असेल, कपाळ ठणकायला लागलं. सुईत दोरा जाईना. कुणीतरी छातीवर पाट ठेवून वर बसल्यासारखं झालं.

मान वर केली तर बाजेच्या पायथ्याशी कुणी बसलेलं. पाठमोरी. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, न्हालेल्या बाळंतिणीचं असतं तसं. मी हाक मारायला गेले, आवाजच निघेना. गळ्यातला टाक एवढा जड झाला की मान वर राहीना.

कशी उठले देव जाणे. अंगणात येऊन तुळशीच्या कट्ट्याला टेकले, भडाभडा ओकले. थोड्या वेळानं डोकं उतरलं. परत दारातून डोकावून पाहिलं तर रिकामी बाज, त्यावर माझी कुंची.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही असं मी वच्छीला शंभरदा सांगितलंय. आज तिनं विचारू नये.

बुधवार, ता. १८ नोव्हेंबर

सासूबाईंचा राघू मेला. मांजर टपून असतं म्हणून काल संध्याकाळी त्याचा पिंजरा त्याच खोलीत टांगला होता, निखारे अजून लाल होते, दार घट्ट लावलेलं. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला, अंगावर एक ओरखडा नाही.

मग मी कालचं सगळं सांगून टाकलं. सासूबाई मटकन खालीच बसल्या. "आलीच ती," म्हणाल्या. "आधी पाखरू नेलं. तिचा डोळा तुझ्या बाळावर आहे."

मी रडले. लाज कसली, अगदी हुंदके देऊन रडले.

मंगळवार, ता. १ डिसेंबर

खोली बंदिस्त करायचं काम चाललंय. आता नुसत्या वाऱ्यासाठी नाही. वाऱ्याला काय, चिंधी पुरते. थोरली यायची ती बोळातून, खिडकीतूनच, असं सासूबाईंचं ठाम म्हणणं. फळ्यांमधल्या फटीत काथ्या ठासला, वरून शेणमातीचा लेप, त्यावर पोतं ठोकलं. खालचं मोरीचं भोकही बुजवलं. दाराच्या उंबऱ्याशी घालायला मी गोधडीची लांब वळकटी शिवली.

इकडूनही हात लागला. छापखान्यातून चुकलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला, खळ शिजवली, आणि रविवारभर बसून खिडकीच्या चौकटीभोवती पत्रिका चिकटवल्या. एकावर एक तीन थर. एकीकडे शीळ घालणं चालू. मी म्हटलं, "भीती नाही वाटत?" तर एकदम हात थांबला. म्हणाले, "तिच्या वेळी मी रोज कामाला जात होतो गं. काही केलं नाही मी. आता करू दे."

मी खळीचं भांडं पुढं धरलं.

मंगळवार, ता. १५ डिसेंबर

सासूबाईंनी आज खोलीत शेगडी ठेवून पाहिली. ऊब जाते का, टिकते का. "बघ, दोन तास झाले, तसूभर कमी नाही," म्हणत खूश झाल्या, आणि बाहेर येऊन कपाळ धरून बसल्या. मी आत गेले, दुपट्यांची चळत ठेवायला. दार आपोआप मागं लागलं.

ती होतीच. या वेळी तोंड दिसलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, घरात तसबीर नाही, पण ओळखली. माझ्याहून लहान पोर दिसते. गाल तसेच, लाल. मला वाटलं होतं माझ्या पोटाकडं बघत असेल. तर नाही. ती त्या पोतं ठोकलेल्या खिडकीकडं बघत होती आणि तोंड उघडून मिटत होती, उघडून मिटत होती.

मी बाहेर आले, डोकं ठणकत होतं, पाय लटपटत होते. पण आज रडले नाही. मला तिची दया आली. भूक लागली असेल का तिला? तिन्हीसांजेला अळिवाचे दोन लाडू टाकापुढं ठेवले आणि म्हटलं, "बाई गं, सगळ्यातलं पहिलं तुझंच आहे. एवढं मूल मला राहू दे."

शनिवार, ता. ९ जानेवारी १९३७

मुलगी झाली! सोमवारी सकाळी. चिमणाबाई सुईण म्हणाली, "डोकं भरून जावळ आणि घर भरून आवाज." नाक माझं आहे, म्हणजे बिचारीचं नशीब. इकडून दारातूनच बघून घेतलं आणि बाहेर जाऊन पेढ्यांऐवजी गडबडीत जिलबी आणली.

चार-पाच दिवस बरे गेले. सारखी जा-ये, दार घडीभर मिटत नव्हतं. पाचवी पुजून झाली, बायका पांगल्या, आणि आता बंदोबस्त सुरू. सकाळी चिमणाबाई तेल लावून शेकते, न्हाऊ घालते, ओव्याची धुरी देते. मग बाजेखाली दोन शेगड्या, दार बंद, उंबऱ्याशी वळकटी. तिन्हीसांजेपर्यंत झोप म्हणे.

डोकं दुखतंय. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी सुंठ उगाळून कपाळाला लावली. ती अजून दिसली नाही. खोली बंद केली म्हणून येता येत नसावं, बरंच झालं. पण टाक जड लागतो.

मंगळवार, ता. १२ जानेवारी

बोटं अजून सुजलेली, अक्षर बघा. पण आजच लिहिते, उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

काल आठवा दिवस. न्हाणं झालं, धुरी झाली. गारठा फार म्हणून सासूबाईंनी शेगड्या काठोकाठ भरल्या आणि दार ओढून घेतलं. मी बाळीला पाजलं. ती दोन घोट पिऊन सोडायला लागली. मला गुंगी आली. छान वाटत होतं, लपवणार नाही. आईच्या मांडीवर असल्यासारखं. म्हटलं, थोडं निजावं.

तेवढ्यात ती दिसली. पायथ्याशी नाही, अगदी उशाशी. काखेत तिचं बाळ. दोघांचे गाल लाल. मी बाळीकडं पाहिलं, तर माझ्या बाळीचेही गाल तसेच झालेले. गुलाबी, गोंडस. मी गालाला बोट लावलं. एरवी चोखायला तोंड फिरवते. नाही फिरवलं. चिमटा काढला, देवा, माझ्या हातानं मी तिला चिमटा काढला, तरी रडेना.

"नेऊ नकोस," मी म्हटलं. म्हटलं का नुसतं मनात आलं, कोण जाणे. "काय हवंय तुला? सांग ना गं! लाडू दिले, खण दिला, काय राहिलं?"

तिनं खिडकीकडं बोट केलं.

आणि मला एकदम कळलं. हिला आत नव्हतं यायचं. ही आतच होती, तीन वर्षं. बाहेर जायचंय हिला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून हिची वाट बुजवून ठेवली!

पाय उचलेनात. बाजेवरून मी सरळ खाली पडले, रांगत गेले. पोतं ओढलं, निघेना, खिळा हातात घुसला. मग पत्रिका फाडल्या, नखांनी लेप उकरला, काथ्या उपसला. कडी वाकवून फळी ढकलली. बोळातला गार वारा असा भसकन तोंडावर आला.

"जा बाई," मी म्हटलं. "ये-जा कर. तुझंच घर आहे."

बाळीला उचलून खिडकीशी नेलं. किती वेळ गेला ते माहीत नाही. मला तो जन्मभर वाटला. मग ती आधी शिंकली, आणि असं भोकाड पसरलं की सगळा बोळ गोळा व्हावा.

सासूबाई धावत आल्या. खिडकी सताड उघडी, सून जमिनीवर, वारा घरात! "मारतेस का पोरीला?" म्हणून फळी ओढायला गेल्या. मी त्यांचा हात धरला. आजवर कधी वर बोलले नव्हते. म्हटलं, "मला मिळेल त्यातलं पहिलं थोरलीचं ना? मग ही खिडकी तिची. तिला वाट हवीय. बंद केलीत तर ती परत माझी पोर मागेल."

त्यांचा हात फळीवरून गळून पडला. भिंतीला टेकून बसल्या, पदर तोंडात कोंबला. "ती म्हणत होती गं," असं काहीतरी पुटपुटत होत्या. "सारखं म्हणत होती, सासूबाई, खिडकी उघडा, जीव घुसमटतो. मी म्हटलं, गप पड, वारा लागेल. मी उघडली नाही."

मी एका हातानं बाळीला धरलं आणि दुसऱ्या हातानं त्यांना. तिघी रडत बसलो.

शुक्रवार, ता. २२ जानेवारी

दहा दिवस झाले. खिडकी हातभर उघडी असते, रात्रंदिवस. शेगडी आहेच. माझं डोकं एकदाही दुखलं नाही, थोरली एकदाही दिसली नाही. बाळी दूध ओढते ती थेट तालमीतल्या पैलवानासारखी. बारशाला सासूबाईंनी विचारलं, नाव काय ठेवायचं. मी फुला सांगितलं. इकडून तसंच उठून बाहेर जाणं झालं, आणि आल्यावर डोळे लाल होते.

माणसानं कितीही बुकं वाचली तरी हे असं असतं खरं. मेलेल्या माणसाला आपण कोंडून ठेवलं होतं. वाट दिली, शांत झाली.

वच्छीचं कालच पत्र आलं. तिचे दिवस भरत आलेत. येवल्याला थंडी मरणाची पडलीय. खोली कशी करायची, ते एकदा नीट लिही म्हणून गयावया करते. छापखान्यातला गोटीराम वह्या शिवायचं सूत आणायला उद्या येवल्याला जातोय. त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू, बाळगुटीची पुडी आणि पत्र धाडायचं. पत्र लिहिलं ते इथं उतरवून ठेवते, माझ्या वेळचं सगळं एका जागी राहील.

"चि. सौ. वच्छीस अक्काचे अनेक आशीर्वाद. तू घाबरू नकोस. मी गेले त्यातून तू जाणार नाहीस, कारण माझ्या घरी थोरली होती म्हणून मला खिडकी उघडी ठेवावी लागली. सगळी हकीकत भेटीत सांगेन. तुझ्या घरी तुझ्याआधी कुणी नाही, तू पहिलेपणाची, तेव्हा तुला त्याचं काही कारण नाही. बाळंतिणीला वारा वाईट. खिडकीच्या फटीत काथ्या ठास, वरून शेणमाती लिंप, त्यावर कागद चिकटव. उंबऱ्याला घालायला मी शिवलेली वळकटी सोबत पाठवते, मला आता लागत नाही. कोळसा धूर न करणारा घ्यावा. न्हाणं झालं की शेगड्या चांगल्या भरून बाजेखाली ठेवायच्या आणि दार लावून निजायचं. चुलतसासूबाईंना सांग, सारखं दार उघडून डोकावू नका, ऊब जाते. डोकं दुखलं तर सुंठ लाव. मी केलं तसंच सगळं कर, फक्त खिडकी तेवढी उघडू नकोस."

गोटीराम पहाटेच्या गाडीनं जाईल. वळकटी जरा उंबऱ्याशी काळी झाली होती, ती सासूबाईंनी धुऊन उन्हात घातली. तिन्हीसांजेपर्यंत वाळेल.